पँथरची मूठ आणि पँथरचा दवाखाना

ब्लॅक पँथर म्हटले की काळी टोपी, बंदूक आणि उगारलेली मूठ डोळ्यांसमोर येते. 1966 साली ओकलंडमध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हा पक्ष उभारला. त्याच्याच प्रेरणेतून 1972 साली मुंबईत दलित पँथर जन्मली, हे कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण त्या पक्षाने अमेरिकेच्या अनेक शहरांत मोफत दवाखाने चालवले, हे आपल्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितले जाते.

1971 साली पँथरांनी सिकलसेलचा प्रश्न हाती घेतला. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. शिकागोचे डॉ. हेरिक यांनी 1910 सालीच त्याची नोंद केली होती. तरी पुढची साठ वर्षे सरकारने त्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. का? रुग्ण बहुतांशी कृष्णवर्णीय होते, हेच उत्तर.

पँथरांनी नुसती तपासणी केली नाही, वस्तीतल्या माणसाला नवी भूमिका दिली. डॉक्टर स्वेच्छेने येत, पण दारोदार जाऊन रक्ताचा थेंब घेणारे कार्यकर्ते होते. कोणी आजार समजावून सांगे, कोणी डॉक्टरपुढे रुग्णाच्या बाजूने प्रश्न विचारी. 1972 साली सिकलसेलसाठी राष्ट्रीय कायदा झाला. त्याच काळात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली आणि निरोगी वाहकांनाही नोकरी, विमा नाकारला गेला. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे ठणकावून सांगणारा माणूस तपासणीइतकाच गरजेचा ठरला.

हे आम्ही आज का सांगतो? कारण विदर्भात आदिवासींबरोबरच आपल्या बौद्ध वस्त्यांतही सिकलसेल आहे. 2023 साली केंद्राने राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे. कार्ड मिळेल, गोळ्याही मिळतील. पण 'पोरीला सिकल आहे' म्हणून मोडणारे लग्न कोण सावरणार? आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हे घरात बसून कोण समजावणार? दोष एकट्या आईचा नाही, हे सासरी कोण सांगणार?

आजाऱ्याला दयेचा विषय करणे सोपे असते. त्याला जाणकार आणि हक्कदार म्हणून उभे करणे, हीच चळवळ. प्रत्येक विहारात दोन तरुण-तरुणी एवढे शिकून तयार झाले, आणि त्यांत स्वतः सिकलसेल सोसणाराही असला, तर पँथरचा वारसा खऱ्या अर्थाने पुढे जाईल.

जय भीम!