उजेडात विटणारा, अंधारात सावरणारा निळा रंग

१/८
ऑक्टोबर १८४३. इंग्लंडच्या केंट परगण्यातील अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्रशैवालांवरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग सिद्ध केला. छायाचित्रांनी सजलेले हे जगातील पहिले पुस्तक मानले जाते. त्यातील एकाही चित्रासाठी कॅमेरा वापरलेला नव्हता.

२/८
अ‍ॅना यांचा जन्म १७९९ चा. आई त्यांच्या तान्हेपणीच निवर्तली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे ब्रिटिश म्युझियममधील शास्त्रज्ञ. त्यांनी लामार्कच्या शिंपल्यांवरील ग्रंथाचा अनुवाद केला, तेव्हा त्यासाठी अडीचशेहून अधिक चित्रे लेकीने रेखाटली.

३/८
शैवालांचे तंतू मात्र इतके सूक्ष्म की त्यांचे हुबेहूब रेखाटन दुष्कर. विल्यम हार्वे यांच्या १८४१ च्या शैवालकोशात चित्रे नव्हती. १८४२ मध्ये चिल्ड्रन कुटुंबाचे स्नेही जॉन हर्शेल यांनी सायनोटाइपचा शोध लावला आणि वाट सापडली.

४/८
कागदावर लोहक्षारांचे मिश्रण फासून तो अंधारात वाळवायचा. त्यावर वाळलेले शैवाल ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात धरायचे. नंतर साध्या पाण्याने धुतले की ऊन लागलेला भाग गडद निळा होतो. शैवालाची सावली पांढरी उरते.

५/८
प्रत्येक प्रतीतील प्रत्येक पान असे हाताने घडले. हे काम १८५३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे चालले. पूर्ण संचात सुमारे ४०० चित्रे आहेत.

६/८
१८५२ च्या आरंभी वडील गेले. त्या उन्हाळ्यात बालमैत्रीण अ‍ॅन डिक्सन सोबतीला येऊन राहिली. पुढे दोघींनी मिळून नेच्यांचे सायनोटाइप केले. शोकाच्या काळात हातांना पुन्हा काम मिळाले.

७/८
ग्रंथाच्या प्रस्तावनेखाली केवळ ‘ए. ए.’ ही आद्याक्षरे होती. अ‍ॅना १८७१ मध्ये वारल्या. पुढे विल्यम लँग या अभ्यासकाने त्या अक्षरांचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. खरे नाव नंतर उलगडले. १९८५ मध्ये लॅरी शाफ यांच्या ‘सन गार्डन्स’ने त्यांचे कार्य सविस्तर मांडले.

८/८
सायनोटाइपचा निळा रंग प्रखर उजेडात फिका पडतो. तोच कागद अंधारात ठेवला की हवेतील प्राणवायूमुळे गेलेला रंग बराचसा परततो. अ‍ॅना यांनी हर्शेल यांना दिलेली प्रत आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहे. १८० वर्षांनंतरही तिची पाने निळीच आहेत.