हात जोडणं ज्याच्या त्याच्या मनावर

तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडीच्या आधी आमच्या पिंपळीवरून जाते. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, त्यामुळे गर्दी तिकडे. पिंपळीत दिंड्या पाण्या-चहापुरत्या टेकतात. माझ्या चुलत आजोबांना मात्र १९४७ची आषाढी जन्मभर आठवायची. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले होते, विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून. आजोबा सांगायचे, झाडाखाली बसलेल्या वारकऱ्यांत त्यावरून अशी जुंपली की टाळ बाजूलाच राहिले. माणूस शिवला तर देव बाटतो, हे त्यांना त्या दिवसापासून कधीच पटलं नाही.

आजोबा पक्के माळकरी. तरी शाळेत देव शिकवू नये, यावर ठाम. म्हणायचे, "माळ मी माझ्या मनानं घातली. मास्तरनं घातली असती तर शाळा सुटल्यावर काढून ठिवली असती."

आमच्या शाळेत सकाळी तसबिरीपुढे हात जोडून प्रार्थना व्हायची. माझ्या रांगेतला एक मुसलमान मुलगा हात खाली ठेवून गप्प उभा राहायचा. एका शिक्षकांनी त्याला सगळ्यांसमोर रांगेबाहेर काढलं. संध्याकाळी मी हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी आजोबा टोपी घालून शाळेत गेले. आत काय बोलणं झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही; त्या मुलाला मात्र पुन्हा कुणी टोकलं नाही.

आजोबांनी संविधान वाचलेलं नव्हतं. त्यातलं २८वं कलम तेच सांगतं: सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण नाही, आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतही कुणाला त्याच्या, मूल अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय प्रार्थनेत ओढता येत नाही. नाशिकच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वेतनवाढ अडवली गेली. ते मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २०१३ साली जिंकले. साने गुरुजींची प्रार्थना मला आजही तोंडपाठ आहे, ती म्हणताना गळा दाटतो. तरीही ती कुणावर लादली जावी असं मला वाटत नाही. उलट, संविधानाची उद्देशिका शाळेशाळेत वाचली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. तीत श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे आणि व्यक्तीची प्रतिष्ठाही आहे.

ती प्रतिष्ठा कुणाकुणाची, हा प्रश्न मला आजीच्या एका गोष्टीमुळे पडला. आजोबांच्या गोष्टी चारचौघांत व्हायच्या. ही गोष्ट आजीनं मी मोठा झाल्यावर, दार लोटून सांगितली.

निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्याकडे ऊस वाढला आणि त्याबरोबर गुऱ्हाळं आली. एका हंगामात बाहेरगावचा एक गुळव्या आला आणि हंगाम संपल्यावर गेलाच नाही. आमच्या भावकीतल्या एका बिनलग्नाच्या माणसाबरोबर तो वस्तीवर राहिला. दोघांची चूल एक, बैलजोडी एक, आजारपणात उशापायथ्याला एकमेकांशिवाय कुणी नाही. गावाला सगळं ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. पुढं भावकीतला तो माणूस वारला. पुतण्यांनी अग्नी दिला, गुळव्याला खांदासुद्धा देऊ दिला नाही, आणि तेराव्याला खोपटाला कुलूप घातलं. तो गाव सोडून गेला. आजी म्हणाली, "बाई आसती तर तिला निदान सुतक तरी धरू दिलं आसतं."

आजीच्या या वाक्यापुढे मला कुठलाही युक्तिवाद सुचत नाही. समलैंगिक माणसं परदेशी वाऱ्याबरोबर आली, असं म्हणणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. बाहेरून आलं ते अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम, इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतलं. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्यांत समलैंगिकतेविषयीचेही प्रश्न होते. १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. पण देवळाच्या दारासाठी लढणारा माणूस या खटल्यातही उभा राहिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्टमार्फत समलैंगिकांसाठी काम सुरू केलं. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या समलैंगिक संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. धर्माच्या नावानं शाळेत हात जोडायला लावणं आणि धर्माच्या नावानं दोघांचे हात सोडवणं, या दोन्ही गोष्टींत मला एकच जबरदस्ती दिसते. आपल्या राज्यानं २००७ साली शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, तेव्हा असं मन घेऊन वर्गात बसलेलं मूल आणखी एकटं पडलं. नववी-दहावीच्या मुलांना २०१८चा निकाल शिकवायला हवा, आणि तो वर्गात, सगळ्यांसमोर शिकवायला हवा.

समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३मध्ये न्यायालयानं नाकारला. २०२४मध्ये केंद्रानं एवढं केलं की अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एका घरातले मानावं असं राज्यांना कळवलं, संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही असं स्पष्ट केलं, आणि जवळचे नातलग नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असंही सांगितलं. आमच्या गुळव्याला यातलं शेवटचं उपयोगी पडलं नसतं; पुतणे दारातच उभे होते. वारसा कायद्यात जोडीदाराला आजही जागा नाही. एकत्र राहणाऱ्या अशा दोघांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मृत्युपत्र आजच करा, घर एकमेकांच्या नावे लिहून ठेवा.