कृमीपासून माशीपर्यंत : मेंदूच्या नकाशाचा इतिहास

१/
जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा कृमी आणि त्याच्या शरीरात अवघ्या ३०२ चेतापेशी. तरीही त्यांची परस्परांशी असलेली जोडणी कागदावर उतरवण्यास संशोधकांना दशकाहून अधिक काळ लागला. संगणक हाताशी असूनही हे काम माणसाच्या हाताने का झाले आणि पुढे ते यंत्रांकडे कसे गेले, याविषयी आजचा धागा.

२/
१९६०च्या दशकात सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिज येथे ‘सी. एलेगन्स’ या कृमीची निवड केली. निकोल टॉमसन त्याचे सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचे काप घेत. मानवी केसाची जाडी याच्या हजारपटीहून अधिक असते! प्रत्येक कापाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेतले जाई. अशी हजारो छायाचित्रे जमली.

३/
एकाच पेशीचा तंतू या छायाचित्रांतून शोधत जाण्याचे काम संगणकाने करावे, असा मूळ बेत होता. त्यासाठी ‘मॉड्युलर वन’ हा संगणक आणला गेला. त्याची स्मृती केवळ ६४ किलोबाइट होती. बेत फसला. अखेर जॉन व्हाइट आणि आयलीन साउथगेट यांनी छायाचित्रांवर हाताने खुणा करत एकेक तंतू तडीस नेला.

४/
१९८६ साली ३४० पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक चार : व्हाइट, साउथगेट, टॉमसन, ब्रेनर. तंत्रसहायक म्हणून प्रयोगशाळेत आलेल्या साउथगेट यांचे नाव त्यात दुसरे आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशा श्रमांची नोंद नेहमीच होते असे नाही. म्हणून हा क्रम ध्यानात ठेवावा.

५/
आता फळमाशीकडे वळू. २०१८ साली तिच्या संपूर्ण मेंदूचे चित्रण प्रसिद्ध झाले : सुमारे ७ हजार काप, २ कोटी १० लाख छायाचित्रे, १०६ टेराबाइट माहिती. हे ओझे कोणत्याही एका संगणकाला पेलणारे नव्हते आणि हाताने खुणा करण्याचा तर प्रश्नच नव्हता.

६/
उपाय होता वितरित संगणन, म्हणजे कामाची वाटणी. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी प्रचंड माहितीसाठी अशी एक पद्धत मांडली होती : कामाचे तुकडे करावेत, ते अनेक यंत्रांना द्यावेत आणि निष्कर्ष एकत्र आणावेत. एखादे यंत्र बंद पडणारच, हे त्यात गृहीतच होते. त्याच्या वाट्याचा तुकडा दुसऱ्या यंत्राकडे जाई.

७/
मेंदूच्या चित्रांना हेच तत्त्व लागू पडते, परंतु एक अडचण येते. चेतापेशी आपण आखलेल्या चौकटीत मावत नाही. तिचा तंतू अनेक तुकड्यांतून जातो. म्हणून शेजारचे तुकडे कडेला एकमेकांवर थोडे चढवून कापतात आणि नंतर सांधतात. सांधा चुकला, तर दोन पेशींची एक होते किंवा एकीच्या दोन. कापच फाटलेला वा मळलेला असेल, तर यंत्र तुकड्याच्या आतही चुकते.

८/
या चुका शेवटी माणसांनीच दुरुस्त केल्या. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘फ्लायवायर’ प्रकल्पात शास्त्रज्ञांबरोबर हौशी स्वयंसेवकही होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये माशीच्या मेंदूचा नकाशा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला : १,३९,२५५ चेतापेशी. दुरुस्तीचे श्रम होते एका माणसाच्या सुमारे ३३ वर्षांच्या कामाइतके!

९/
यंत्राने माणसाची जागा घेतली, असे या इतिहासाचे सार सहज सांगता येईल. परंतु ते अपुरे ठरेल. यंत्रांनी वाटणी अफाट वाढवली, तरी जिथे सांधा संशयास्पद तिथे साउथगेट यांच्यासारखी नजर आजही लागते. पुढच्या वेळी अशा नकाशाचे रंगीत चित्र पाहाल, तेव्हा लेखकांची लांबलचक यादीही अवश्य वाचा. तीदेखील इतिहासाचे साधन आहे.