धनी बुडाला, काम अर्धे राहिले

समजा, एका शेतकऱ्याने कर्ज काढून विहीर खोदायला घेतली. चाळीस फूट खोदकाम झाले, पाणी लागायची आशा दिसू लागली, आणि तेवढ्यात सावकाराचा तगादा लागला. जमीन लिलावात गेली. आता त्या अर्ध्या विहिरीचे काय होणार? नवा मालक ती पुरी करील, नाहीतर बुजवील, नाहीतर तशीच पडू देईल. ज्यांनी सुरुंग लावले, दगड उपसले, त्यांचा त्या खड्ड्यावर हक्क किती? आपल्या बीड जिल्ह्यात अशी विहीर कोणी पाहिली नाही, असे होणार नाही. विहिरीची ही गोष्ट कलेच्या धंद्यातही घडते. त्याचा थोडा इतिहास आज आपण पाहू.

पहिले उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले. दादासाहेब फाळके यांचे नाव तुम्हाला ठाऊकच आहे. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून त्यांनी आपल्या देशात चित्रपटाचा धंदा उभा केला. पुढे 1918 साली भांडवलदार भागीदारांबरोबर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. फाळके कलावंत, भागीदार व्यापारी, खटके उडायचेच. फाळके कंपनी सोडून गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी मायाशंकर भट्ट यांच्या भांडवलावर त्यांनी वेगळी कंपनी काढली आणि ‘सेतुबंधन’ हे चित्र हाती घेतले. विषय रामायणातला. चित्रणासाठी हंपीपर्यंत जाणे झाले. खर्च वाढत गेला आणि भांडवल संपले. काम थांबले. रामाचा सेतू अर्ध्यावरच राहिला म्हणा ना!

मग जुन्या कंपनीचे वामनराव आपटे पुढे आले. फाळक्यांची नवी कंपनी जुन्या कंपनीत सामील झाली आणि चित्र पुरे झाले. पण मध्ये वेळ गेला होता, आणि त्या वेळेतच जग बदलले. 14 मार्च 1931 रोजी मुंबईत ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. 1932 साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. लोकांना चित्र बोलते झालेले आवडले. मुक्या चित्राला कोण विचारतो? शेवटी ‘सेतुबंधन’वर मागाहून आवाज चढवावा लागला. हिंदुस्थान कंपनी त्यानंतर टिकली नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. अर्धे काम थांबले की ते नुसते थांबत नाही, ते शिळे होते. उभा ऊस वेळेवर तोडला नाही तर त्याचे वजन आणि उतारा दोन्ही घटतात, तसेच हे आहे.

आता दुसरा प्रश्न. कंपनी बुडाली म्हणजे तिचा माल कोणाचा? प्रभात कंपनीचेच पाहा. 1929 साली कोल्हापुरात निघालेली, 1933 साली पुण्याला आलेली ही नामांकित संस्था. तिचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसपर्यंत वाखाणला गेला. पण 1953 साली तिलाही टाळे लागले. जागेवर 1960 साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली. चित्रे मात्र जागेबरोबर राहिली नाहीत. ती वेगळी मालमत्ता म्हणून वेगळ्या हातांत गेली. पुढे विष्णुपंत दामले यांच्या घराण्याने ती परत मिळवली, म्हणून पुढच्या पिढ्यांना ती पाहता आली. म्हणजे इमारत एकीकडे, यंत्रे दुसरीकडे, आणि चित्रावरचा हक्क तिसरीकडे अशी वाटणी होते.

हल्ली हाच प्रकार एका नव्या धंद्यात दिसतो. तुमची मुले मोबाइलवर आणि संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांचा हा धंदा. मोठा गेम करायला शेकडो माणसे तीन-चार वर्षे राबतात. कोणी चित्रे काढतो, कोणी संगीत देतो, कोणी संगणकाला सूचना लिहितो. पैसा देणारी कंपनी निराळी असते. ती प्रकाशक. कामाचा एकेक टप्पा झाला की ती हप्ता देते. प्रकाशक बुडाला की हप्ता बंद, आणि हप्ता बंद झाला की काम बंद.

अमेरिकेतली टीएचक्यू ही अशीच मोठी प्रकाशक कंपनी. 19 डिसेंबर 2012 रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच महिन्यात तिचा लिलाव झाला आणि अर्धे राहिलेले गेम एकेक करून विकले गेले. ‘साउथ पार्क’ नावाचा गेम यूबीसॉफ्ट या कंपनीने सुमारे 32 लाख डॉलरना घेतला. त्यातली पात्रे ज्यांची होती त्यांनी हरकत घेतली, तडजोड झाली, आणि 2014 साली तो गेम बाजारात आला. ही झाली पुरी झालेली विहीर.

पण व्हिजिल नावाच्या कारखान्याला एकही बोली आली नाही. तेथील माणसे घरी बसली आणि हातातला नवा गेम तसाच राहिला. त्यांच्या जुन्या ‘डार्कसायडर्स’ या गेमचे हक्क मात्र त्याच वर्षी नॉर्डिक गेम्स या कंपनीने घेतले. पुढे गंमत अशी झाली, की त्या जुन्या कारागिरांपैकी काहींनी 2014 साली नवी संस्था काढली, आणि 2018 साली ‘डार्कसायडर्स’चा तिसरा भाग त्यांनीच नव्या मालकासाठी तयार केला. विहीर दुसऱ्याच्या नावावर गेली, पण खोदणारे तेच परत बोलावले गेले. का? कारण कोणता दगड कुठे लागतो हे त्यांनाच माहीत होते. हक्क लिलावात घेता येतो, हातातली कसब घेता येत नाही.

आता आपल्या देशाचा कायदा काय सांगतो तेही ऐका. 1957 सालच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्क मालकाचा. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. कंपनी मोडीत निघाली, तर 2016 सालच्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे तिची मालमत्ता विकून पैसे वाटले जातात. आधी त्या कारवाईचा खर्च. मग तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगार हे एका ओळीत; कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची थकबाकी यात येते. त्यानंतर इतर नोकरांची बारा महिन्यांपर्यंतची. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीजवळ नुसती ठेवायला दिलेली असेल, तर ती लिलावात धरता येत नाही. पण ती आपली आहे हे दाखवणारा कागद हवा. कागद नसेल तर तोंडी सांगण्याला कोण जुमानतो?

आणि जे कोणीच विकत घेत नाही त्याचे काय? फाळक्यांच्या काळची कितीतरी मुकी चित्रे अशीच गेली. जुन्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असे. ती काढून घेण्यासाठी फिल्म मोडीत विकली जाई. सरकारने पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय काढले ते 1964 साली. तोवर पुष्कळसे हातचे गेले होते. ‘राजा हरिश्चंद्र’सुद्धा आज पुरा मिळत नाही. उलट आपल्या अंबाजोगाईला पाहा. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी सुमारे चार शतके टिकली. कापड काही दगड नव्हे. ते टिकले, कारण पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी त्याची घडी घातली, उन्हापाण्यापासून जपले. संगणकातले काम तर कापडाहून नाजूक. ज्या यंत्रावर ते चालते ते यंत्रच दहा-पंधरा वर्षांत मिळेनासे होते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आज आपल्या गावची मुलेही हा उद्योग शिकायला पुण्या-मुंबईला जातात. त्यांना तीन गोष्टी आवर्जून सांगा. कामाला हात घालण्याआधी करार लेखी करून घ्या, आणि काम अर्धे राहिले तर हक्क कोणाकडे जाईल हे त्यात लिहून घ्या. हप्ता थकला तर गप्प बसू नका. दुसरा हप्ता थकायच्या आत विचारा. आणि कोणी काय केले याची तारखेनिशी नोंद ठेवा. धनी बुडाला तरी तेवढी नोंद कारागिराच्या हाती राहते, आणि पुढचे काम मागायला जाताना तीच दाखवता येते.