रिपोलचे शिल्पांकित महाद्वार

स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनियात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी रिपोल हे छोटे नगर आहे. तेथील सांता मारिया या बेनेडिक्टाइन मठाची स्थापना काउंट विफ्रेड याने इ. स. ८८० च्या सुमारास केली. मठाधिपती ओलिबा याच्या कारकिर्दीत, १०३२ मध्ये, भव्य चर्चचे पवित्रीकरण झाले. त्याचे महाद्वार मात्र बाराव्या शतकातील असून ते रोमनेस्क शिल्पकलेचा श्रेष्ठ नमुना मानले जाते.

या द्वाराची रचना रोमन विजयकमानीची आठवण करून देते. प्रवेशकमानीभोवतीच्या भिंतीवर शिल्पांचे आडवे पट्ट आहेत. सर्वांत वर सिंहासनस्थ ख्रिस्त व त्याचे स्तवन करणारे चोवीस वडील, तर खालच्या पट्टांत मोशे, दावीद व शलमोन यांच्या कथा कोरल्या आहेत. यांतील अनेक दृश्ये मठातच तयार झालेल्या सचित्र बायबलमधील चित्रांशी जुळतात. ते हस्तलिखित आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. दाराच्या चौकटीवर बारा महिन्यांची कामे दिसतात. धर्मकथांच्या शेजारी शेतकऱ्याच्या श्रमांनाही येथे स्थान मिळाले आहे.

१४२८ च्या भूकंपात चर्चची मोठी हानी झाली, तर १८३५ मध्ये मठ जाळण्यात आला. महाद्वार मात्र बचावले. वास्तुविशारद एलिएस रोजेंत यांच्या आराखड्यानुसार चर्चची पुनर्बांधणी होऊन १८९३ मध्ये ते पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

आगीतून वाचलेल्या या शिल्पांना खरा धोका पोहोचला तो दगडाच्या झिजेमुळे. अनेक आकृतींचे चेहरे पुसट झाले आहेत. त्यामुळेच विसाव्या शतकात महाद्वारासमोर काचेचे संरक्षक आवरण उभारण्यात आले.