ओहोटीची वाट

मुलांना समुद्रावर न्यायचं म्हटलं की वाळूचे किल्ले ठरलेलेच. अलिबागला मात्र खरा किल्ला समोर दिसतो आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं.

मी नऊ वर्षांचा होतो. निघण्याआधी वडिलांनी पंचांग काढलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. त्या दिवशी त्रयोदशी. म्हणजे भरती पावणेदहाला आणि ओहोटी सहा तासांनी, चारच्या सुमारास. वडील म्हणाले, "तीनला निघायचं, पाचच्या आत परत."

कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाचे अवजड दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कान्होजी आंग्र्यांच्या या ठाण्यावर चालून आले, पण हात हलवत परतले.

आम्ही पोरं आतल्या गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी रमलो. निघायला उशीर झाला आणि परतताना पाणी माझ्या गुडघ्यांवर आलं. धाकट्या बहिणीला वडिलांनी खांद्यावर घेतलं. ते एक शब्दही बोलले नाहीत. समुद्र दिवसातून दोनदा या किल्ल्याचा खंदक भरतो, हे मला तेव्हा उमगलं.

आता नातवंडांना नेतो, तेव्हा पाऊणपटीचं गणित तेच करतात. तरी वाळूत उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारायला मी चुकत नाही.