जुन्या मोटारीचे सस्पेन्शन आणि स्टिअरिंग : सुटे भाग कसे निवडावेत?

जुनी मोटार खडखडू लागली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो ‘शॉकअप’ बदलण्याचा. मालकालाही तो पटतो. कारण खड्ड्यातला धक्का त्याला जाणवत असतो आणि नवे शॉक अॅब्सॉर्बर बसवल्यावर गाडी मऊ चालते, याचे समाधानही लगेच मिळते. मात्र ज्या भागाच्या झिजेमुळे चाक निखळू शकते किंवा स्टिअरिंग निकामी होऊ शकते, तो भाग पुष्कळदा फारसा त्रास न देता झिजत असतो. म्हणून जुन्या गाडीसाठी सुटे भाग घेताना आराम आणि सुरक्षितता असे दोन स्वतंत्र हिशेब मांडावे लागतात. खर्चात पहिला मान अर्थातच सुरक्षिततेचा.

उदाहरणादाखल मारुती ८०० घेऊ. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या या गाडीचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तरीही राज्यातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत ती आजही दिसते. तिच्या पुढच्या चाकांची बांधणी नंतरच्या बहुतेक छोट्या मोटारींसारखीच असल्यामुळे येथे दिलेली माहिती झेन, अल्टो किंवा सँट्रोच्या मालकांनाही उपयोगी पडेल.

कोणता भाग काय करतो?

मारुती ८०० च्या पुढच्या प्रत्येक चाकाला ‘मॅकफर्सन स्ट्रट’ असतो. शॉक अॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीची कॉइल स्प्रिंग यांचा हा एकत्रित खांब होय. वरच्या टोकाला तो रबरी माउंटिंगने बॉडीला जोडलेला असतो. खालच्या बाजूला लोअर आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो. या आर्मचे आतले टोक रबरी बुशमध्ये हलते, तर बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला जोडलेले असते. दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार वळणावर गाडीचा कल कमी करतो. मारुती ८०० मध्ये हाच बार लोअर आर्मला पुढे-मागे सरकू न देण्याचेही काम करतो. त्यामुळे त्याचे रबर झिजले, तर ब्रेक लावताना चाक किंचित मागे सरकते आणि गाडी एका बाजूला ओढते.

स्टिअरिंग रॅक आणि पिनियन पद्धतीचे आहे. रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड आणि त्यांच्या शेवटी टाय रॉड एंड असतात. चालकाच्या हाताची हालचाल चाकापर्यंत पोहोचते ती या छोट्या जोडातूनच. बॉल जॉइंट सुटला तर चाक बाहेर कलंडते. टाय रॉड एंड सुटला तर त्या चाकावरचा ताबा पूर्णपणे जातो. शॉक अॅब्सॉर्बर कमकुवत झाल्यास गाडी डोलते, ब्रेकचे अंतर वाढते, टायर खराब होतात; पण चाक जागेवर राहते. प्राधान्य ठरवताना हा फरक ध्यानात ठेवावा.

भाग घेण्यापूर्वी निदान

आवाज ऐकून अंदाजाने भाग बदलत जाणे, हा सर्वांत महागडा मार्ग आहे. पुढील तपासण्या कोणताही जाणकार मेकॅनिक अर्ध्या-पाऊण तासात करू शकतो. गाडी नुसत्या जॅकवर उचलून कोणीही खाली जाऊ नये. भक्कम स्टँड लावणे अत्यावश्यक आहे.

पुढचे चाक अधांतरी ठेवून ते घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खेळ जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबण्यास सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तो तसाच राहिला तर संशय बॉल जॉइंटवर. त्यानंतर चाक नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवावे. येथे खेळ असल्यास टाय रॉड एंड, रॅक किंवा पुन्हा बेअरिंग तपासावे. बॉल जॉइंटचे रबरी आवरण फाटलेले असेल, तर खेळ नसला तरी तो भाग थोड्याच दिवसांचा सोबती समजावा. ग्रीस बाहेर जाते, पावसाळ्यातले पाणी आणि चिखल आत शिरतो आणि पोलादी गोळी झपाट्याने झिजते.

शॉक अॅब्सॉर्बरसाठी गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडावा. गाडी वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीन वेळा झुलली तर शॉक अॅब्सॉर्बर संपला आहे. त्याच्या अंगावर तेलाचा किंचित ओलावा असणे हा दोष नव्हे. तेल ओघळलेले असेल तर मात्र तो बदलावाच. टायरही बरेच सांगतो. एकाच कडेची झीज चाकाचा कोन चुकल्याचे, तर ठिकठिकाणी पडलेले उथळ खळगे शॉक अॅब्सॉर्बर कमजोर झाल्याचे लक्षण असते.

आवाजांचेही काही ठोकताळे आहेत. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना करकर आवाज आला तर स्ट्रटचे वरचे माउंटिंग पाहावे. लहान खड्ड्यांत ‘खट’ असा आवाज येत असेल, तर स्टॅबिलायझरचे रबर, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट पाहावेत. चालत्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘टक-टक’ असा आवाज येत असेल, तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा असतो. त्यासाठी सस्पेन्शनवर खर्च करणे व्यर्थ आहे.

खर्चाचा क्रम

सर्व भाग एकाच वेळी बदलणे प्रत्येकाला शक्य नसते. अशा वेळी पहिल्या टप्प्यात बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, दुसऱ्यात लोअर आर्मचे बुश आणि स्टॅबिलायझरची रबरे, तिसऱ्यात शॉक अॅब्सॉर्बर आणि त्यांची माउंटिंग, असा क्रम ठेवावा. कॉइल स्प्रिंग सहसा दीर्घकाळ टिकते. ती तुटली असेल, गंजून तिचे थर सुटत असतील किंवा गाडी एका बाजूला खाली बसली असेल, तरच ती बदलावी.

शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग नेहमी एका अक्षावर जोडीने बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉक अॅब्सॉर्बर असेल, तर ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी तिरकी होण्याचा धोका असतो. टाय रॉड एंड एकच बदलता येतो; मात्र एक संपला असेल तर दुसऱ्याचे वयही तेवढेच आहे, हे विसरू नये.

अस्सल, पर्यायी आणि बनावट

बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द फार सैल अर्थाने वापरला जातो. प्रत्यक्षात मालाचे चार प्रकार असतात. पहिला, मोटार कंपनीच्या वेष्टनात तिच्या अधिकृत विक्रेत्यांकडे मिळणारा. दुसरा, मोटार कंपन्यांना भाग पुरविणाऱ्या उत्पादकांनी स्वतःच्या नावाने विकलेला. शॉक अॅब्सॉर्बर बनविणारी, १९६१ मध्ये स्थापन झालेली गॅब्रिएल इंडिया, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे जोड बनविणारी चेन्नईची राणे मद्रास, पूर्वी सोना कोयो या नावाने ओळखली जाणारी जेटेक्ट इंडिया ही या वर्गातील परिचित नावे. जुन्या गाडीसाठी पुष्कळदा हाच पर्याय किफायतशीर ठरतो. तिसरा प्रकार लहान कारखान्यांतील ‘लोकल’ मालाचा. त्याचा दर्जा एका खेपेपासून दुसऱ्या खेपेपर्यंत बदलू शकतो. चौथा प्रकार बनावट मालाचा, म्हणजे नामांकित कंपनीचे वेष्टन वापरून विकलेला. बनावट व्यापारचिन्ह वापरून माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार गुन्हा असून त्यासाठी किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

काटकसर करायचीच असेल तर ती रबरी पट्ट्या, धुळीची आवरणे अशा किरकोळ भागांत करावी. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड आणि लोअर आर्म यांत पहिल्या दोन प्रकारांच्या खाली उतरू नये. भंगार बाजारातून काढलेला जुना बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. त्याची आतली झीज बाहेरून दिसत नाही. तेल भरून ‘रिकंडिशन’ केलेले शॉक अॅब्सॉर्बरही टाळलेले बरे. सील बदलले तरी आतील झडपा आणि दांडा जुनाच राहतो.

दुकानात जाताना

मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे. तेथे केवळ ‘मारुतीचा लोअर आर्म द्या’ असे सांगणे पुरेसे नाही. गाडीचे उत्पादन वर्ष आणि महिना, चासी क्रमांक आणि शक्य असल्यास जुन्या भागावरील क्रमांक सोबत न्यावा. १९८६ मध्ये मारुती ८०० नव्या आकारात आली. त्यामुळे आधीच्या गाडीचे भाग नंतरच्या गाडीला चालतील असे गृहीत धरू नये. ओम्नी आणि ८०० यांचे इंजिन एका जातीचे असले तरी ओम्नीच्या मागील बाजूस पाटे असतात आणि ८०० च्या मागे कॉइल स्प्रिंग, हेही लक्षात असावे.

जुना भाग काढून सोबत नेता आला तर उत्तम. आटे, निमुळत्या दांड्याची जाडी, लांबी आणि डावा-उजवा फरक काउंटरवरच जुळवून पाहावा. नवा बॉल जॉइंट हाताने फिरवला असता घट्ट पण एकसारखा फिरला पाहिजे. खडबड किंवा सैलपणा असल्यास परत करावा. रबरी भाग वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिला तर न वापरताच कडक होतो. म्हणून बुश आणि आवरणे वाकवून पाहावीत. बारीक भेगा दिसल्यास तो माल घेऊ नये. बिल न चुकता घ्यावे आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. भाग सदोष निघाल्यास ग्राहक आयोगापुढे खरेदी सिद्ध करण्यास तेच उपयोगी पडते.

हे टाळावे

गाडी उंच करण्यासाठी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसविण्याचे रबरी बफर सर्रास विकले जातात. थकलेल्या स्प्रिंगवर हा उपाय नव्हे. त्यामुळे काही वेटोळ्यांची हालचाल अडते आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. पॉलियुरेथेनचे कडक बुश शर्यतीच्या गाडीला शोभतात; रोजच्या गाडीत ते प्रत्येक धक्का बॉडीपर्यंत पोहोचवतात. ज्या गाडीत कंपनी बॉल जॉइंट आर्मसकट बदलण्यास सांगते, तेथे नुसता जॉइंट वेल्डिंग करून बसवू नये. उष्णतेने पोलादाची ताकद कमी होते.

पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर बाळगणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना किंग पिन, तर अॅम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार असतो. या गाड्यांच्या जोडांना ठरावीक अंतराने ग्रीस भरावे लागते. तेथे नवा भाग घेण्याआधी नियमित ग्रीसिंग होते का, हे पाहणे अधिक फायद्याचे.

बसवताना

स्ट्रटमधील स्प्रिंग प्रचंड दाबाखाली असते. ती योग्य कॉम्प्रेसरशिवाय उघडणे जिवावर बेतू शकते. हे काम घरी करू नये. टाय रॉड एंडची स्प्लिट पिन आणि सेल्फ-लॉकिंग नट नवेच वापरावेत. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, तिचा भार पडलेला असतानाच शेवटचे आवळावेत. चाक अधांतरी असताना ते आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नवे बुश काही महिन्यांत गेले, अशी तक्रार येते तेव्हा ही एक शक्यता जरूर तपासावी. काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. ते न केल्यास नवे टायरही थोड्याच अवधीत कडेने झिजतात.

नियम काय सांगतात?

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते; त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंग चाकाचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा अधिक नसावा, स्टिअरिंगच्या जोडांवर रबरी आवरणे असावीत आणि त्यांचे बोल्ट वा पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. ३० अंश ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. रॅक-पिनियनच्या छोट्या गाडीत खेळ तेवढा होईपर्यंत थांबणे धोक्याचे. याखेरीज उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलात बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात ही भूमिका कायम ठेवली.

थांबावे केव्हा?

मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत एक प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा : नवे भाग ज्यावर बसायचे, तो सांगाडा शाबूत आहे काय? बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्याभोवतीचा पत्रा आणि गाडीखाली लोअर आर्म जोडण्याची जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावी. पत्रा आत जात असेल किंवा पापुद्रे निघत असतील, तर उत्तमातले उत्तम भागही तेथे निरुपयोगी आहेत. अशा गाडीला आधी पत्र्याचे भक्कम काम लागते. ते परवडत नसेल तर ती गाडी रस्त्यावरून काढणेच हिताचे. सांगाडा मजबूत असेल, तर मात्र योग्य क्रमाने आणि योग्य ठिकाणाहून घेतलेले मोजके भाग जुन्या मोटारीला आणखी काही वर्षे विश्वासाने चालवू शकतात.